आधी गुलमंडी, मग वेरूळ

होळीला जोडून तीन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा पुण्याहून संभाजीनगरला गेलो. मी, माझी सोळा वर्षांची लेक आणि तेरा वर्षांची भाची. निघायच्या आधीच दोघींनी सांगून टाकलं होतं, "लेणी तू बघ, आम्हाला बाजारात सोड." मला मात्र त्यांनी वेरूळचं कैलास लेणं एकदा तरी डोळे भरून पाहावं असं फार वाटत होतं.

मोठ्या होत चाललेल्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच, की बाजार शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. "लेणी बघितलीत तरच खरेदी" असं म्हटलं की मुलं लेण्यांत फक्त घड्याळ बघतात. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी गुलमंडी, औरंगपुरा असं मनसोक्त हिंडलो. लेकीने ऑक्सिडाइज्ड झुमके आणि कंबरेची साखळी घेतली, भाचीने बांगड्या. रात्री नान-खलिया खाऊन दोघी शांत झोपल्या.

सकाळी लवकर वेरूळला निघालो. शहरापासून साधारण ३० किलोमीटर. वाटेत पळस केशरी फुलला होता, आंब्यांना मोहर होता. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, तेवढं बघूनच दिवस ठरवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी एका दिवसात दाखवायचा आग्रह धरू नका. आम्ही १०, १६, २१ आणि ३२ एवढीच नीट पाहिली. दहाव्या लेण्यात छताला लाकडी घरासारख्या तुळया दिसतात, पण त्या दगडातच कोरल्या आहेत. हे कळल्यावर भाची मान वर करून बराच वेळ उभी राहिली.

खरा बदल घडला तो एकविसाव्या लेण्यात. बाहेर मकरावर उभी असलेली गंगा आहे. तिच्यापुढे लेक थबकली आणि म्हणाली, "आई, ही कंबरेची साखळी बघ ना!" आदल्या रात्री घेतलेली साखळी तिच्या अंगावरच होती. मग दोघींनी खांबांवरच्या एकेका बाईचे दागिने पाहायला घेतले. गळ्यातलं, दंडावरचं, केसांची बांधणी. मी फक्त सोबत उभी राहिले. मुलांचं लक्ष असं आपसूक लागलं की मोठ्यांनी माहिती सांगायची घाई करू नये.

कैलास, म्हणजे सोळावं लेणं, दुपारनंतर पाहा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला असल्याने सकाळी तिथे सावली असते आणि ऊन कलल्यावर शिल्पं उजळतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे मंदिर डोंगर वरून खाली कोरत काढलेलं आहे. म्हणून ते वरूनही बघावं. बाजूच्या चढावरून गेलं की मंडपाच्या छतावरचं कमळ आणि चार सिंह दिसतात. तिथून खाली बघताना भाचीने विचारलं, "आत्या, एखादा घाव चुकला असता तर?" त्या प्रश्नासाठीच मी हा सगळा प्रवास केला, असं मला वाटलं.

जैन लेणी जरा लांब आहेत, उन्हात चालत जाऊ नका, गाडीने जा. बत्तिसाव्या लेण्यात अंबिका सिंहावर बसली आहे आणि तिच्या डोक्यावर फळांनी लगडलेला आंबा आहे. बाहेरचा मोहर पाहून आलेल्या पोरींना तो लगेच ओळखू आला.

चूक झाली ती देवगिरी किल्ल्याची. परतताना उन्हातच तो चढायला घेतला. दगड तापले होते, पाणी संपलं होतं, चिनी महालाजवळ दोघींनी बसकण मारली आणि आम्ही माघारी फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला उघडताच गेलो, तेव्हा मजा आली. माणशी दोन बाटल्या पाणी, पकड असलेले बूट आणि 'अंधेरी' नावाच्या किल्ल्यातल्या काळोख्या बोगद्यासाठी विजेरी हवीच. आत वटवाघळांचा उग्र वास येतो, नाकाला रुमाल लावा. खंदक आणि तासून गुळगुळीत केलेला कडा पाहिला, की हा किल्ला जिंकणं का अवघड होतं ते न सांगता कळतं.

निघण्याआधी हिमरू बघायला गेलो. रेशीम आणि सुताचं हे विणकाम मागून पाहावं, उलट्या बाजूला सुटे धागे दिसतात. हातमागाची पैठणी मात्र दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. दुकानदाराने शाल पुढे केली. भाचीने ती आधी उलटी केली, बोटाने धागे चाचपले आणि मगच भाव विचारला.