८७ लाख घरं

भाची शिकायला पुण्याला गेली आणि जाताना तिचा जुना टॅब माझ्याकडे देऊन गेली. काचेच्या कोपऱ्यात तडा, सोबत एक पेन, त्याचं टोक झिजलेलं. "आत्या, तू पूर्वी चित्रं काढायचीस ना? आता यावर काढ." पूर्वी म्हणजे इंटरमिजिएटपर्यंत. शाळेत असताना एलिमेंटरी दिली, मग इंटरमिजिएट दिली, बी ग्रेड आली, आणि दहावीचं वर्ष लागताच पोस्टर कलरच्या बाटल्या माळ्यावर गेल्या त्या तिथंच वाळल्या. त्यानंतर मी जे काही काढलं ते पतसंस्थेच्या वह्यांत, पट्टी धरून, फार तर लाल शाईने.

दोन महिने त्या टॅबवर मी लोणच्याच्या रेसिपी बघितल्या. मग एप्रिलमध्ये भाचीने एक लिंक पाठवली. ऑनलाइन डिजिटल चित्रस्पर्धा, खुला गट, फी नाही, विषय 'घर'. खाली तिचा मेसेज: "तुझं नाव घातलंय. आता माघार नाही."

शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हय, आपल्या जिल्ह्यातच हाय ते. हुसेन आपलेच की!" चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरला जन्मले, त्यामुळे आमच्याकडे कुणीही ब्रश हातात धरला की त्याच्या डोक्यावर हुसेन ठेवायची पद्धत आहे. माझ्या हातात तर ब्रशही नव्हता. झिजलेलं प्लॅस्टिक होतं.

नियम वाचताना मात्र थेट ग्रेड परीक्षेचा हॉल आठवला. स्मरणचित्राला तेव्हा विषय आला होता जत्रा. सोलापूरच्या पोराला जत्रा म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? संक्रांतीचा गड्डा. मी आकाशपाळणा काढला, नंदीध्वज काढले, फुगेवाला काढला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ब्रश धुवायचा डबा कलंडला. गढूळ निळं पाणी कागदाच्या मधोमध पसरलं. रडायला वेळ नव्हता. डागाच्या कडेने पायऱ्या काढल्या, मध्ये कळस उभा केला, झालं सिद्धेश्वराचं तळं. ती बी ग्रेड त्या तळ्याची होती, माझी नव्हे, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.

टॅबवर पाणी सांडत नाही. इथं चुकण्याची सोय अशी केलेली आहे की चुकल्यासारखं वाटतच नाही. काचेवर दोन बोटांची टिचकी मारायची, शेवटची रेघ गायब. परत टिचकी, त्याच्या आधीची गायब. पहिल्या रात्री मी चित्र कमी काढलं आणि टिचक्याच जास्त मारल्या. पस्तीस रेघा काढायच्या, चौतीस पुसायच्या. उरलेली एक रेघ सुरेख असायची हे खरं, पण ती एकटी पडायची.

आणि काढायचं काय? घर म्हटल्यावर हात आपोआप दोन डोंगरांकडे गेला. दोन त्रिकोण, मधून सूर्य, खाली कौलारू घर, बाजूला नारळ. चौथीपासून आम्ही सगळे हेच घर काढत आलोय. सोलापुरात डोंगर कुठला? आमचा सूर्य उगवतो तो सपाटीवरून, फार तर एखाद्या बाभळीला अडखळत. नारळही कुणाच्या तरी लग्नात बघितलेला, सोललेला. दोन टिचक्यांत डोंगर गेले, नारळ गेला. सूर्य ठेवावा की नको याचा विचार करत टॅब घेऊन गच्चीवर गेले, कारण खाली खोलीत बसवत नव्हतं. मे लागला होता, दुपारी पारा ४२-४३ला टेकत होता, रात्री अकरालाही भिंती तव्यासारख्या. गच्चीवर माझे वडील, अण्णा, खाट टाकून झोपले होते. खाली चादर अंथरलेली, उशाला तांब्या, खाटेखाली चपला, मागं पाण्याची काळी टाकी. मला वाटतं, घर शोधायला मी याहून लांब जायला नको होतं.

चित्राचा आराखडा एका रात्रीत झाला. अडले ती चादरीपाशी.

त्याचं कारण सांगते. अण्णा बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढत होते. सोलापुरी चादरीवरचं फूल आधी ग्राफ पेपरवर उतरतं. बारीक बारीक घरं, कुठलं घर भरायचं, कुठलं मोकळं सोडायचं, एवढाच काय तो हिशेब. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते एकापुढे एक ओवायचे, आणि ती माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. लहानपणी आमच्या घरात रद्दी म्हणजे वर्तमानपत्र नसायची, ग्राफ पेपर असायचे. माझी गणिताची पुस्तकं अर्धवट मोरांची कव्हरं घालून शाळेत जायची. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला. ग्राफ पेपरचं टेबल आधी भिंतीला सरकवलं गेलं, मग व्हरांड्यात गेलं. अण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. फक्त घरात कुणी कॉम्प्युटर म्हटलं की ते पाणी प्यायला उठायचे.

अशा माणसाच्या अंगाखालची चादर मला काढायची होती, तीही काचेवर. मी काय केलं असेल? एक फूल काढलं आणि त्याच्या कॉप्या करून चादरभर चिकटवल्या. चाळीस फुलं, अर्ध्या मिनिटात. झाल्यावर पोटात अपराधी गोळा आला. चित्रकला म्हणजे चाळिसावं फूलही हाताने काढणं, अशी माझी ठाम समजूत. रात्री गच्चीवर बसून तेच एक फूल बोटांनी ताणून मोठं करत होते, अजून मोठं, अजून मोठं. पाकळीची गोल कड हळूहळू तुटत गेली, पायऱ्या दिसायला लागल्या, आणि शेवटी स्क्रीनवर नुसती चौकोनी घरं उरली. काही लाल, काही पांढरी.

"काय करलालीस गं एवढ्या रात्री?" अण्णा उठून बसले होते. मी टॅब लपवणार तोवर त्यांनी मान पुढं काढली. "हे तर ग्राफच की."

मग मी कबूलच करून टाकलं. एकच फूल काढलंय, बाकीची कॉपी आहेत. ते हसले. "अन् आम्ही काय चाळीस काढत होतो? एक काढायचो. बाकीची माग काढायचा." मी म्हणाले, पण इथं चूक पुसता येते, तुमच्याकडे तसं नव्हतं. तर म्हणे, होतं की. एक भोक चुकलं तर ती चूक प्रत्येक फुलात, आणि दिवसभरातल्या प्रत्येक चादरीत. मग माग थांबवायचा, तो पत्ता शोधायचा आणि भोकावर कागद चिकटवायचा. "तुझी टिचकी, आमची खळ."

त्यांनी पेन मागितलं. टॅबला हात लावण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पाकळीची कड अशी मधेच तुटत नाही म्हणाले, दोन घरं आत घे, एक वर घे. दाखवायला त्यांनी सवयीने तळवा काचेवर टेकला, आणि तळव्यामुळे चादरीवरून आडवा एक लाल ओरखडा उमटला. ते दचकले. मी टिचकी मारली. ओरखडा गेला.

"गेला?"

"गेला."

"परत आण बघू."

तीन बोटांनी आणला. परत घालवला. परत आणला. लहान मूल दिव्याचं बटण खेळतं तसं आम्ही दोघं तो ओरखडा खेळत बसलो.

भाचीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती एकदम पुस्तकात शिरली. ती कॉम्प्युटरचंच शिकते. म्हणाली, भोकांच्या पत्त्यांवर चालणारा माग जोसेफ मारी जॅकार नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४च्या सुमाराला आणला, आणि पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी तीच पत्त्यांची कल्पना उचलली. फोन स्पीकरवर होता. अण्णा म्हणाले, "जेकार्ड हे माणसाचं नाव हाय होय? मी बत्तीस वर्षं मशिनचं समजत होतो." मग थोड्या वेळाने, पाणी प्यायला न उठता, "म्हणजे कॉम्प्युटर आमच्याकडनंच शिकला म्हण की."

फूल त्यांनी तीन रात्री बसून दुरुस्त करून घेतलं. मी पेन चालवायचं, त्यांनी घरं मोजायची. माझ्या सगळ्या चित्रात ते फूल तेवढं खरं झालंय.

शेवटची तारीख होती ३१ मे, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं. हे एकोणसाठचं काय प्रकरण आहे मला कळलेलं नाही. बारा म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? चित्र ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात तीनशे घरं), जेपीजी, ५ एमबीच्या आत. शिवाय चित्र काढतानाचा व्हिडिओ हवा, कारण आजकाल नुसतं वाक्य टाईप केलं की मशीन चित्र देतं आणि परीक्षकांना ते तुमच्या हातचं आहे याचा पुरावा लागतो. माझी फाइल भरली ११ एमबी. ती कमी कशी करायची हे शोधत असताना साडेअकराला वळवाचा वारा सुटला आणि लाईट गेली. वायफाय गेलं. टॅबवर बॅटरी ९ टक्के. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून, अण्णांनी धरलेल्या टॉर्चच्या उजेडात (टॅबला उजेड लागत नाही, हे सांगूनही त्यांनी तो खाली घेतला नाही) मी ११:५२ला चित्र चढवलं. 'धन्यवाद' असं काहीतरी हिरव्या अक्षरांत आलं आणि टॅब बंद पडला.

व्हिडिओ आपोआप तयार झाला होता. एकोणीस रात्री एका मिनिटात. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो लक्ष देऊन पाहिला. पुसलेली प्रत्येक रेघ त्यात होती. टाकी उगवते, मावळते. डोंगरसुद्धा येऊन गेले. आणि मधोमध त्यांचा चेहरा, त्यावरचं नाक येतंय, जातंय, येतंय, जातंय. "माझं नाक कितीदा कापलंस गं?" चौदा वेळा, नंतर मी मोजलं.

स्पर्धेत लोकांच्या पसंतीचंही एक बक्षीस होतं, लाईक मोजून. घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. अक्कलकोटच्या मामांचा लगेच अंगठा आला, मागोमाग मेसेज: "लाईक केलं. फार छान जमलाय बंगला." माझ्या चित्रात बंगला नाही. मामांनी वरच्याच चित्राला मत दिलं होतं, आणि त्यांचं बघून मामींनी, त्यांचं बघून दोन मावसभावांनी. त्या बंगल्याच्या विजयात आमच्या घराण्याचा थोडा हात असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. मी कुठंच नव्हते. सहभागाचं ई-प्रमाणपत्र आलं, त्यात माझ्या नावाआधी 'श्री.' होतं. पहिलं आलेलं चित्र मी बराच वेळ बघितलं, थोडं वाकड्या नजरेनेच. एक रिकामी भिंत, त्यावर खिळा, आणि काढून नेलेल्या फोटोफ्रेमचा फिकट चौकोन. बस. खरंच चांगलं होतं. मी गच्चीवर होतं नव्हतं ते सगळं भरलं होतं, टाकी, अँटेना, वाळत घातलेले टॉवेल, मिरच्या, एक मांजरसुद्धा, जे आमचं नाही. कुठं डबा कलंडायला जागाच ठेवली नव्हती. आणि कलंडला असता तरी मी टिचकी मारली असती. तळं काही झालं नसतं.

रात्री अण्णांनी विचारलं, "तुझं ते चित्र एकूण किती घरांचं होतं?"

आडवी २४८०, उभी ३५०८. गुणाकार माझा रोजचा आहे. ८६ लाख ९९ हजार ८४०. "धरा ८७ लाख."

ते बराच वेळ गप्प बसले. मनात पत्ते मोजत असावेत. मग म्हणाले, "एवढ्या घरांत माझा चष्मा कुठंय?"

"तुम्ही झोपलाय ना चित्रात. झोपताना काढून ठेवता की."

"ठेवतो की. चपलेत ठेवतो, कुणाचा पाय पडू नये म्हणून. चपला काढल्यास. चष्मा नाही."

मी टॅब चार्जिंगवरून काढला, फाइल उघडली आणि चपलांवर एक नवीन लेयर घेतला.