एन-१४ चं नाव

निपाणीच्या मावशींनी उठता उठता विचारलं, "हे पुण्याला जानार न्हवं? मग माझं नाव घालू नगंस बाई. मुकादमाची मानसं हाईत अजून गावात." मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवलं आणि फाईलला नाव दिलं: मावशींचं नाव, आडनाव, गल्ली, तारीख. हात सवयीने चालतो. दीड वर्ष ती फाईल त्याच नावाने पडून होती.

मी बेळगावात मराठी शिकवते. पीएच.डी.साठी निपाणी-चिकोडी भागात तंबाखूच्या वखारींत राबलेल्या बायकांच्या मुलाखती घेत होते. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे अडवला, ते निपाणीत आजही कुणीही सांगतं. वखारीत नाकाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बायका काय बोलत होत्या, कानडी मुकादमाला कुठल्या मराठीत उत्तर देत होत्या, हे मात्र कुणी टिपून ठेवलेलं मला सापडलं नाही. एकतीस मुलाखती जमल्या. पुण्यातल्या एका विभागात उच्चारांचं मोजमाप करून देणाऱ्या मॅडम होत्या. त्यांना मूळ वेव्ह फाईलच हव्यात, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा साठवलेल्या. एमपीथ्री केली की आवाजातले बारकावे छाटले जातात, स्वरांच्या मापावर भरवसा राहत नाही. माझं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. सगळं मिळून ४४ जीबी. ईमेलला साधारण २५ एमबीच्या पुढे काही चिकटवता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

पहिला उद्योग मी केला तो सगळेच करतात. क्लाउडवर दोन नमुना फाईली चढवल्या, "लिंक असलेल्या कुणालाही" हा पर्याय निवडला आणि लिंक मॅडमना पाठवली. चार दिवसांनी आमच्याच ओळखीतल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला: "मॅडम, निपाणीच्या मुलाखती भारी आहेत की!" पोटात गोळा आला. लिंक कुणीतरी भल्या हेतूने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. मी तडक शेअरिंग बंद केलं, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलं त्यांच्याकडून ते परत कसं घेणार? एकेकाला फोन करून डिलीट करायला लावलं. केलं असेल असं धरून चालले. नशीब एवढंच की त्या दोनांत मावशींची फाईल नव्हती.

मग कागद. दोन विद्यापीठं, दोन राज्यं. इकडचं पत्र कानडीत निघालं, तिकडून इंग्रजीत मागणी आली, मी मध्ये हमाल. त्या रगाड्यात एक काम मात्र चांगलं झालं: ऐकणार कोण, किती वर्षं ठेवणार, काम संपल्यावर पुसणार कोण, हे लेखी ठरलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण ती अटींसकट आहे, हे मला त्या निमित्ताने वाचावं लागलं.

दरम्यान भाचा म्हणाला, "पेनड्राइव्हवर दे, मी रविवारी पुण्याला चाललोय." फाईली कुलूपबंद करून द्याव्यात म्हणून सेव्हन-झिप या प्रोग्रामने एईएस-२५६ हे पासवर्डचं भक्कम कुलूप लावून सगळ्यांची एक झिप केली. झिप पेनड्राइव्हवर जाईना. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटचा, त्यावर चार जीबीहून मोठी एक फाईल मावतच नाही. तो नवीन फॉरमॅट करेपर्यंत सहज म्हणून झिपवर दोनदा क्लिक केलं. पासवर्ड न विचारता ती उघडली. आतलं ऐकू येत नव्हतं, पण यादी सगळी समोर: एकतीस बायकांची नावं, आडनावं, गल्ल्या. झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलींची नावं झाकली जात नाहीत, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. ज्या एका गोष्टीला मावशी नको म्हणाल्या, नेमकी तीच मी दाराला पाटीसारखी लावली होती. भाचा रविवारी रिकाम्या हाताने गेला.

त्या रात्री सगळ्या फाईलींची नावं बदलली. एन-०१, एन-०२... मावशी एन-१४ झाल्या. कोण कुठला नंबर याची यादी वेगळी, कुलूपबंद, आणि ती पुण्याला जाणारच नाही असं ठरवलं. संमतीपत्रांचे स्कॅनही मागे ठेवले, त्यांवर सह्या आणि अंगठे आहेत. शिवाय झिप सोडून सेव्हन-झिपचाच सेव्हन-झेड फॉरमॅट घेतला. त्यात "फाईलींची नावंही लपवा" अशी चौकट असते, तिच्यावर खूण करायची. प्रत्येक मुलाखतीची वेगळी पुडी बांधली.

पाठवायला पुण्याच्या विभागाने त्यांच्या सर्व्हरवर एसएफटीपीचं, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशा तऱ्हेने फाईली पाठवायचं, खातं उघडून दिलं. मी त्यासाठी विनएससीपी हे सॉफ्टवेअर लावलं. पहिल्यांदा जोडताना ते सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा तोच आहे ना हे पडताळायची अक्षरं, दाखवतं आणि विचारतं, ओळखता का? अशा वेळी आपण डोळे मिटून "हो" दाबतो. या खेपेला मी तिथल्या तंत्रज्ञ दादांना फोन लावला. "वाचा मॅडम." "कॅपिटल क्यू, स्मॉल एक्स, सात, स्मॉल एल..." "एल की वन?" असं शेवटच्या अक्षरापर्यंत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाला पाढे म्हणून दाखवतीस गं?" पुड्यांचा पासवर्डही फोनवरच सांगितला, ईमेलमध्ये कुठेच लिहिला नाही.

आमचा अपलोडचा वेग दहा एमबीपीएस, म्हणजे हिशेबाने दहा तास. लागल्या दोन रात्री, कारण वीज दोनदा गेली. पण अर्धी गेलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागली नाही, तुटली तिथून पुढे सुरू झाली.

फाईल वाटेत बिघडली नाही ना हे कळावं म्हणून प्रत्येक मुलाखतीची मी आधीच शा-२५६, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी ओळखीची ओळ, काढून यादी करून ठेवली होती. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे, ती फाईलवर चालवली की चौसष्ट अक्षरांची ओळ मिळते. फाईलमध्ये एक बिट हलला तरी ओळ पार बदलते. पुण्यात त्यांनी पुड्या सोडवून तीच ओळ काढली. तीस जुळल्या, एन-१४ जुळेना. परत पाठवली, तरी नाही. मी नेटवर खापर फोडून मोकळी झाले होते. मग आठवलं: यादी केल्यावर मी त्या फाईलमध्ये बाराव्या मिनिटाला मुकादमाचं नाव येतं तिथे बीप टाकून ती पुन्हा सेव्ह केली होती. यादीच जुनी होती. तंत्रज्ञ दादा काही बोलले नाहीत, फक्त हसले.

गेल्या महिन्यात पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "एन-१४ चा आवाज परिसंवादात ऐकवू का? आणि खाली नाव काय द्यायचं?" पहिल्या प्रश्नाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. निपाणीची बस धरली. मावशींनी इयरफोन कानाला लावून स्वतःला ऐकलं, बीप आला तेव्हा दचकल्या. "हितं काय झालं?"

"मुकादमाचं नाव खोडलंय, मावशी."

"बरं केलंस. ऐकव जा." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् माझं नाव घाल आता. पन माहेरचं घाल. ते हितं कुनाला ठावं न्हाई."

नवीन संमतीपत्र केलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. संध्याकाळी पुण्याला फोन केला आणि ते नाव मॅडमना तोंडीच सांगितलं.