कांजिण्यांची लस मी सत्ताविसाव्या वर्षी घेतली

मी पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. रुजू होताना हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का, हे विचारलं होतं. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्यांचं नावही कुणी काढलं नाही. हे आजार लहानपणीच सगळ्यांना होऊन गेलेले असतात, असं धरून चालायची पद्धत आहे.

मग तापात झटका आला म्हणून एक बाळ दाखल झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटावर पाण्याचे फोड दिसले. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो. म्हणजे सलाईन लावणारी मी, चादरी बदलणाऱ्या मावशी, एक्स-रेला नेणारे मामा, सगळेच संपर्कात आलेलो. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर वही घेऊन आल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न : कांजिण्या येऊन गेल्यात, की लसीचे दोन डोस झालेत?

मी आईला फोन लावला. "तुला आल्या होत्या की दादाला, नक्की आठवत नाही गं. दाराला कडुनिंब बांधला होता एवढं खरं." सरकारी लसीकरणात कांजिण्यांची लस नाहीच, त्यामुळे कार्डावर शोधण्यात अर्थ नव्हता. रक्त दिलं. आयजीजीच्या (आजाराविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीजच्या) रिपोर्टात गोवर आणि रुबेला पॉझिटिव्ह आले, म्हणजे संरक्षण आहे. कांजिण्या आणि गालगुंड निगेटिव्ह. मोठेपणी कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, हे मी पेशंटमध्ये पाहिलेलं आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस घेतली तर उपयोग होतो. म्हणून थांबले नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) आणि कांजिण्या, दोन्ही जिवंत (कमजोर केलेल्या विषाणूंच्या) लसी; एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये निदान चार आठवडे जाऊ द्यायचे. मी दोन दंडांवर दोन्ही घेऊन टाकल्या. आधी गरोदर नाही ना, हे डॉक्टरांनी विचारलं, आणि पुढे महिनाभर दिवस राहू नयेत असंही बजावलं. नवीन लग्न झालेल्या मैत्रिणींनो, हे आधीच ठरवून ठेवा.

लस घेतली तरी संपर्काच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत वॉर्डात यायचं नाही. खरी अडचण इथे सुरू झाली. ऑफिसने ही रजा माझ्या हक्काच्या रजेतून कापायला काढली. मी मेट्रनबाईंकडे गेले, इन्फेक्शन कंट्रोलचं पत्र जोडलं, आणि ती विशेष रजा म्हणून मंजूर करून घेतली. पण मावशी आणि मामा कंत्राटी. मावशी वहीत ठामपणे सांगून मोकळ्या झाल्या, "मला येऊन गेल्यात." रोज बुडणार असेल तर दुसरं कोण काय सांगेल? आमच्याच वॉर्डात केमो चाललेली मुलं असतात. त्यांच्यासाठी कांजिण्या जिवावर बेतू शकतात. म्हणून कंत्राटी लोकांचंही रक्त तपासा, हा हट्ट मी सोडला नाही. मावशींचा रिपोर्ट खरंच पॉझिटिव्ह आला. मामांचा निगेटिव्ह. त्यांना घरी बसावं लागलं आणि कंत्राटदाराने अर्धाच रोज दिला. मला हे आजही पटलेलं नाही.

माझ्या अंगावर काही उठलं नाही. कांजिण्यांचा दुसरा डोस चार ते आठ आठवड्यांनी असतो, तोही झाला. त्यानंतर पुन्हा टायटर, म्हणजे अँटिबॉडीजची रक्ततपासणी, करायची गरज नाही. लसीने आलेलं संरक्षण नेहमीच्या चाचणीत कधी कधी दिसतच नाही आणि उगाच घोळ होतो. दोन डोसांची नोंद हाच पुरावा. कार्डाचा फोटो मी मोबाईलमध्ये ठेवलाय.

आता रुजू होण्याच्या फॉर्मवर या चारही आजारांचा रकाना आलाय, कंत्राटी लोकांच्या फॉर्मवर मात्र अजून नाही. त्यासाठी आम्ही तिघी-चौघींनी मेट्रनबाईंना अर्ज दिलाय. मामांचा दुसरा डोस बाकी आहे. त्या दिवशी त्यांना सकाळची ड्युटी लावा, असं इनचार्ज सिस्टरना सांगून ठेवलंय.