घोड्याचे दात

बारकी घाबरली ती घोड्याला. खऱ्या नाही, गड्ड्यातल्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, मेरी-गो-राउंडच्या पांढऱ्या घोड्याला. मागच्या वर्षी जानेवारीत भावाची दोन्ही पोरं घेऊन मी होम मैदानावर गेले होते, थोरला आठ वर्षांचा आणि बारकीला पाच पूर्ण व्हायची होती, आणि निघताना वहिनीने चारदा बजावलं होतं की ताई, हिला आकाशपाळण्यात बसवू नका, ब्रेक डान्सच्या जवळसुद्धा नेऊ नका. मी म्हटलं काळजी नको, आपण सगळ्यात गरीब राईड निवडू. मग मैदानभर फिरून, चारी बाजूंनी बघून, दोन तिकिटं काढली आणि बारकीला उचलून घोड्यावर ठेवली तर तिने असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या बांगड्यावाल्याने वळून बघितलं.

मला आधी कळेचना. फिरायला लागलंच नव्हतं अजून. तिला उतरवलं, कडेवर घेतलं, तर ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून एकच म्हणत होती, "दात, दात." मग मी खाली वाकून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. वरचा ओठ मागे ओढलेला, एवढाले पिवळट दात, आतमध्ये लाल ऑइलपेंटची जीभ, आणि एका डोळ्याचा काळा रंग उडालेला त्यामुळे तो घोडा कुठे बघतोय तेच कळत नव्हतं. आपण मोठी माणसं वरून बघतो ना, आपल्याला आयाळ आणि खोगीर दिसतं, गोंडे दिसतात. पोरांना दिसतं ते थेट तोंड.

आणि हीच बया त्याच संध्याकाळी मौत का कुआच्या वर उभी राहून टाळ्या पिटत होती. खाली मोटरसायकलचा एवढा आवाज, फळ्या थडथड हलतायत, धूर नाकात जातोय, मलाच वाटत होतं हा लाकडी पिंजरा आत्ता कोसळतो की काय, आणि ही विचारते, "आत्या, त्या दादाला चक्कर येत नाही का?" म्हणजे मोठा आवाज, उंची, वेग, ज्या ज्या गोष्टींना आम्ही भीत होतो त्यातल्या एकीचंही तिला काही नव्हतं. आवाज कोण करतंय ते समोर दिसत होतं ना, मग झालं. नंदीध्वजांचं पण तसंच. मिरवणुकीत बाराबंदी घातलेली माणसं ते एवढाले उंच नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या काठ्या, पेलत येतात, सात एकामागून एक, जरा कललं की सगळ्यांच्या तोंडून आवाज निघतो, आणि ती आजोबांच्या खांद्यावर बसून निवांत शेंगा खात बघते. पण दारूकामाच्या, म्हणजे आतषबाजीच्या रात्री, घरात, खिडकी बंद असताना लांबून आलेला एक धडाम, त्याला मात्र पांघरुणात.

हे मला त्या वेळी काही कळलं नव्हतं हं, नंतर जुळवत बसले.

झालं असं की मे महिन्यात दादाने काढलं की पोरांना मोठ्या पार्कला न्यायचं. आता सोलापूरची अडचण अशी की आपण बरोबर मध्ये लटकलेलो. पुण्याकडे जा तर अडीचशे किलोमीटर पुणं, मग एक्सप्रेसवेने पुढे खोपोलीपर्यंत, तिथे २०१३ साली इमॅजिका झालं तेव्हापासून आमच्या गल्लीतली अर्धी पोरं जाऊन आलीत. हैदराबादकडे जा तर तेही तीनशेच्या आसपास, तिकडे रामोजी आहे, वंडरला आहे. घरच्या ग्रुपवर आठवडाभर वादावादी. आईचं म्हणणं एवढं पैसे घालून पोरांना रडवायला कशाला जायचं, गड्डा काय वाईट आहे. दादाचं म्हणणं पोरं धीट झाली पाहिजेत. आणि मी, घोड्याच्या प्रकरणामुळे, राईड समितीची अध्यक्ष. म्हणजे काही चुकलं तर माझ्या नावावर.

मग मी रात्री फोन घेऊन बसायला लागले. पहिल्यांदा उंचीचे तक्ते वाचले. कुठे १२० सेंटीमीटर, कुठे १४०, कुठे मोठ्या माणसासोबत चालेल. बारकीला दाराच्या चौकटीला उभी करून मापली, १०७. मला वाटलं झालं सोपं, जिथे घेत नाहीत ते भीतीदायक, जिथे घेतात ते गरीब. पण तसं नसतंय. उंचीची पट्टी एवढंच बघते की तो सेफ्टीचा बार पोराच्या अंगाला नीट घट्ट बसतो का, पोरगं घसरून खाली जाईल का. आतून ते पोरगं घाबरेल का याच्याशी त्या पट्टीला काही देणंघेणं नाही. उलट होतं काय की ज्या राईडला झटका नाही, उतार नाही, डुलत डुलत जाणारी गाडी आहे नुसती, तिथे १०७वालं पोर खुशाल आत सोडतात, आणि आत असतो अंधार, आणि अंधारात काहीतरी खसकन पुढे येतं. इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या रोलर कोस्टरला तर पाय अधांतरी लोंबकळतात, तिथे आमची बारकी जाणारच नव्हती, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो "सर्वांसाठी" लिहिलेल्या राईडचा.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. डिस्नेलँडचं वाचलं. १९५५ साली ते उघडलं तेव्हाच हिमगौरीची राईड होती, छोट्या गाड्यांत बसून गोष्टीतून फिरायचं, आता हिमगौरी म्हटल्यावर कुठली आई विचार करणार? पण आत जंगल काळंकुट्ट आणि चेटकीण वळणावळणावर. १९८३ मध्ये ती नव्याने केली तेव्हा शेवटी नावातच 'स्केरी' हा शब्द घातला, म्हणजे बाबांनो वाचून बसा. आणि २०२१ मध्ये परत बदलून, 'स्केरी' काढून, जरा गोड केली. पासष्ट वर्षं त्या लोकांचं चाललंय, आणि मला चार रात्रींत उत्तर पाहिजे होतं.

तर गेलो. कुठल्या पार्कला ते राहू दे, त्यांचा काही दोष नव्हता, पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, आम्हीच उन्हाने वैतागून सावली दिसली म्हणून आत घुसलो. बोटीत बसलो. एसीची गार हवा आली, आई म्हणाली वा. मग दार बंद झालं आणि कुट्ट काळोख. बारकी माझ्या मांडीवर, मी तिचे कान झाकले, म्हटलं आता भोंगा वाजणार. भोंगा वाजलाच नाही. शेजारून नुसता एक श्वास ऐकू आला, स्पीकरमधून, कुणीतरी मोठ्ठं जनावर झोपलंय असा. बस्स तेवढंच, बराच वेळ. आणि थोरला, जो गाडीत टेंभुर्णीपासून मी नायट्रो करणार मी नायट्रो करणार म्हणत होता, त्याने दादाचा शर्ट असा धरला की वरचं बटण तुटलं. बारकीने विचारलं, "कोण झोपलंय?" मी म्हटलं डायनासोर असेल. "मग उठवू नका." आणि ती आख्खी राईड तोंडावर बोट ठेवून बसली, खूश.

थोरला बाहेर येऊन कुणाशी बोलला नाही. दादा काहीतरी चेष्टेचं बोलणार तेवढ्यात वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो गपगुमान पाण्याची बाटली आणायला गेला. मला वाटतं थोरल्याचं बरोबरच होतं. आठ वर्षांचं पोर जास्त घाबरतं कारण त्याला जास्त माहितीय, पुढे काय काय होऊ शकतं याची यादीच असते त्याच्या डोक्यात. बारकीकडे यादीच नव्हती. तिला एक नाव मिळालं, डायनासोर झोपलाय, तिचं काम भागलं.

दुसऱ्या दिवसापासून मग मी पाट्या वाचणं सोडलं. राईडच्या बाहेरच्या कठड्याला दोघांना टेकवून उभं करायचं, दोन फेऱ्या नुसत्या बघू द्यायच्या, आणि मी बघायचे उतरणाऱ्या पोरांची तोंडं. किंचाळतायत का ते नाही बघायचं, किंचाळणं तर पैसे वसूल असतंय. उतरल्यावर पोरगं आईचा हात सोडून परत रांगेकडे पळतं का, की हात धरून गप चालतं. गप चालणारी तीन पोरं दिसली की आपण पुढे. वर छप्पर असून चारी बाजूंनी बंद असलं की मी आधी तिथल्या ताईला विचारायचे, आत अंधार किती वेळ? त्या मुली अगदी खरं सांगतात, त्यांनाही रडकी पोरं उतरवायचा कंटाळा आलेला असतो. आणि कोलंबसच्या होडीत बसायचंच झालं तर मधली सीट, टोकाला नाही, टोक सगळ्यात वर जातं, एसटीत मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. उडणारे हत्ती, गोल फिरणाऱ्या बशा, पाण्यातल्या बोटी यांच्यात चार तास गेले आमचे. दादा एकटाच मोठ्या कोस्टरला जाऊन आला, आला तो जरा पांढराफटक पडून, आणि आईने त्याला लिंबू दिलं.

उंचीचं एक सांगायचं राहिलं. आपण उगीच उंचीला भितो. लंडनमध्ये ते मोठं चाक आहे ना, लंडन आय, १३५ मीटर उंच, पण एका फेरीला अर्धा तास लावतं, सेकंदाला २६ सेंटीमीटर, त्यापेक्षा आमची आई दम लागलेली असताना जोरात चालते. त्यात पोटात गोळा यायचं कारणच नाही. आणि माझ्या आजोळी, मंगळवेढ्याकडे, जत्रेत यायचा तो चार खोक्यांचा लाकडी पाळणा, एक माणूस हाताने ढकलायचा, खोकं खाली आलं की खांद्याने रेटा आणि परत वर. उंची किती, घराच्या पत्र्याएवढी. पण चाक लहान आणि वेग जास्त असला की वरून खाली वळताना खोकं आपल्या बुडाखालून सटकल्यासारखं होतं, पोटातलं सगळं क्षणभर हलकं होऊन गळ्याशी येतं. लहानपणी मी त्यात एकदाच बसले, सहा वर्षांची असेन. तो माणूस दर फेरीला खाली भेटायचा, घामाचा वास आणि तंबाखूचा, आणि दर वेळी मी त्याला सांगायचे काका थांबवा, आणि त्याला वाटायचं मी हात करतेय, की तो अजून जोरात. मामा बाहेरून "मस्त ना?" ओरडत होता. म्हणून गड्ड्यातल्या कुठल्याही राईडला बसायच्या आधी आमच्यात आता ठरलंय, थांबवायचं असेल तर दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. आकाशपाळण्याच्या पोऱ्याला पण मी सांगून ठेवते. तो हसतो, पण लक्ष ठेवतो.

यंदाही गेलो. बारकी आता सहाची होत आलेली. पोहायच्या टाकीएवढ्या हौदात हाताने फिरवायच्या त्या प्लास्टिकच्या होड्या असतात ना, ज्या कुठेच जात नाहीत, एकमेकींवर आपटतात आणि पोऱ्या काठीने ढकलतो, त्यात चार वेळा बसली. पाचव्यांदा पैसे मी दिले नाहीत. मेरी-गो-राउंडसमोर मी मुद्दाम रेंगाळले, काही बोलले नाही. तिने लांबून त्या पांढऱ्याला शोधलं, तो होताच, डोळा रंगवून घेतलेला. बघितलं आणि म्हणाली भेळ खाऊ.

महिना संपताना मी आणि ती पार्क चौकाकडे काहीतरी कामाला निघालो होतो, तर मैदानावर सगळं उतरवणं चाललं होतं. आकाशपाळण्याचं नुसतं हाडांचं चाक राहिलं होतं, पाळणे खाली ओळीने मांडलेले, एक ट्रक, दोऱ्या, पत्र्यांचा आवाज. आणि घोडे जमिनीवर. मधला दांडा काढून घेतलेला, काही आडवे, काही पोत्यात गुंडाळलेले, आणि पांढरा एका दगडाला टेकवून अर्धवट बसवलेला. त्याच्या पाठीला पाठ लावून एक कामगार कडक भाकरी मोडून चटणीसोबत खात होता.

बारकी माझा हात सोडून गेली. थेट तोंडाजवळ. वाकून बघितलं, मग एक बोट घातलं आत, दातांवरून फिरवलं.

"आत्या, पोकळ आहे," तिने ओरडून सांगितलं. मग त्या माणसाला विचारलं, "काका, बसू का?"

"बस की. पण फिरत नाही आता."

"चालतंय," म्हणाली, आणि बसली. त्याने भाकरीचा हात न लावता कोपराने घोडा सावरून धरला. दोनेक मिनिटं बसली असेल, पाय हलवत, ट्रककडे बघत. उतरल्यावर मी पर्स उघडली तर तो म्हणाला राहू द्या ताई, आता कसलं तिकीट.