आमची वाटचाल: हवालदारांचं रेडिओ दुकान

वडील जबलपूरच्या लष्करी सिग्नल सेंटरात शिकले, ब्रह्मदेशात वायरलेसवर होते, १९४६ ला हवालदार म्हणून सुटले आणि पुण्याच्या नारायण पेठेत दहा बाय आठच्या गाळ्यात कावीळ झाल्यासारखा उजेड देणाऱ्या दिव्याखाली बसले. पेठेत त्यांना नावाने हाक कुणी मारलीच नाही. शेवटपर्यंत हवालदारच.

१९५३ च्या गांधी जयंतीला पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि धंद्याला जोर आला. त्याआधी मुंबई केंद्र नीट लागावं म्हणून गच्चीवर दोन बांबूंना ताणून एरियलची तार बांधायची, हेही आमचंच काम. तेव्हा एक भागीदार होते. हिशेब त्यांचा, हात वडिलांचा. ते वेगळे झाले तेव्हा गिऱ्हाइकांची वही उतरवून घेऊन गेले आणि नदीपासून लांब, उंचावर दुकान थाटलं. नाव मी घेणार नाही, पेठेला माहीत आहे.

१२ जुलै १९६१. आदल्या रात्री पानशेतवर जवान मातीची पोती रचत होते, याचा वडिलांना जन्मभर अभिमान होता. पण सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. आमच्या गाळ्यात दुरुस्तीला आलेले ४३ सेट होते. आईने ओच्यात भरून नेलं ते फक्त रजिस्टर, आणि तेही भिजलंच. कॉपिंग पेन्सिलची नावं जांभळी होऊन एकमेकांत मिसळली. सेटवरच्या चिठ्ठ्या तर केव्हाच वाहून गेल्या. आता कुठला मर्फी रेडिओ कुणाचा?

वडिलांची एक पलटणी खोड होती. सेट उघडला की चॅसिसच्या, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसवलेले असतात त्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला टोच्याने तारीख आणि एक खूण ओढायची. त्यावरून ३१ सेट ओळखले. उरलेल्या बारांवर मात्र भांडणं झाली, ती सांगण्यासारखी नाहीत.

वीज नव्हती. चॅसिस बाहेर काढून स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायची, गँगच्या, म्हणजे स्टेशन लावायच्या कंडेन्सरच्या, पात्यांतला गाळ दाढीच्या ब्रशने काढायचा, आयएफचे डबे, म्हणजे आत तारेची वेटोळी असलेल्या पत्र्याच्या डब्या, उघडून निखाऱ्याच्या शेगडीपासून हातभर लांब ठेवायचे. मी नऊ वर्षांचा. माझं काम व्हॉल्व्ह, म्हणजे सेटातल्या काचेच्या नळ्या, पुसणं, पण काचेवरच्या नंबराला बोट न लावता. ईएल ८४ जातीच्या एका व्हॉल्व्हचा नंबर मी घालवला त्याची चपराक आजही आठवते. प्लायवूडची कॅबिनेटं सुटली होती, स्पीकरचे कागद पापडासारखे झाले होते. त्यासाठी सुटे भाग आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या खेपा, उधारीवर.

इकडे उंचावरचे गृहस्थ सांगत फिरत होते, 'पाण्यातला सेट महिन्यात बसतो, माझ्याकडे नवा घ्या.' लोकांनी घेतलेही. आमच्याकडे गिऱ्हाईक येईना.

आले एक मास्तर, सदाशिव पेठेतले. डायलची दोरी बदलायला टाकलेला त्यांचा बुश रेडिओही पुरात होता. म्हणाले, "हवालदार, माझा सगळ्यात शेवटी करा," आणि पन्नास रुपये पुढच्या दुरुस्त्यांचे म्हणून ठेवून गेले. रोज शाळा सुटल्यावर येऊन शेगडीला वारा घालत बसायचे. त्यांचा सेट पुढे तीस वर्षं वाजला. ते पन्नास फिटले असं वडिलांनी कधीच धरलं नाही. मास्तरांकडून त्यांनी पुन्हा पैसा घेतला नाही.

वीज आल्यावर प्रत्येक सेट आधी सिरीज दिव्यावर, म्हणजे सेटला जाणाऱ्या एका तारेत मधेच दिवा जोडून. शंभर वॅटचा दिवा लख्ख पेटून तसाच राहिला की आत शॉर्ट, पेटून मंदावला तर पुढे जा. हल्लीची मुलं माळ्यावरचा आजोबांचा सेट काढतात आणि थेट प्लगात घालतात. मग ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा वास घेऊन आमच्याकडे येतात. बाबांनो, एक दिवा, एक होल्डर, दोन तारा. एवढं घरी करून ठेवा, आणि जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आधी बदला.

४३ पैकी ३९ सेट वाजले. हे कुठे छापून आलं नाही. 'पूरग्रस्त रेडिओंचे तज्ज्ञ' ही पाटी लागली ती उंचावरच्या दुकानावर.

पुढची वर्षं बरी गेली. ट्रान्झिस्टर आले, ७१ च्या लढाईत बातम्यांसाठी दारात गर्दी असायची, सिंहगडावर टीव्हीचा मनोरा आला, आम्हीही अँटेना विकल्या. वडील चौऱ्याण्णव वर्षं जगले. डोळे गेल्यावरही सेटची घरघर ऐकून फिल्टर कंडेन्सर गेलाय म्हणून सांगत.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये ६१ सालची बिलबुकं आहेत. सेट नेले, पैसे दिले नाहीत, अशी अकरा बिलं. त्यातली तीन घरं अजून आमच्याच गल्लीत आहेत. रोज नमस्कार होतो.