उंदराचा मेंदू स्कॅनमध्ये फिका का दिसतो?

ओलान्झापिन हे मनोविकारावरचं औषध दिलेल्या उंदराचा मेंदू पेट स्कॅनमध्ये फिका दिसला की 'औषधाने ग्लुकोजचा वापर घटवला' असं लिहायची घाई होते. त्याआधी शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघा. ओलान्झापिन आणि त्याच गटातलं क्लोझापिन एका डोसनंतरही उंदराची साखर चढवतात. स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सारी एफडीजी हे ग्लुकोजचंच सोंग. मेंदूत शिरायला दोघांना दार एकच. रक्तात साखर जास्त असली की दारातल्या गर्दीत एफडीजी मागे राहतं. पेशींचं काम तेवढंच चालू असतं, चित्र मात्र फिकं येतं.

भुलेतही हाच घोळ. आयसोफ्लुरेन आणि झायलाझिन दोन्ही साखर वाढवतात. म्हणून एफडीजी उंदीर जागा असताना टोचायचं, 30 ते 45 मिनिटं त्याला शांत, उबदार पिंजऱ्यात ठेवायचं आणि मग भूल देऊन स्कॅन करायचा. तोवर एफडीजीला फॉस्फेट जोडला जाऊन ते पेशीत अडकलेलं असतं, त्यामुळे चित्र जागेपणाचंच मिळतं. 'उबदार' हा शब्द उगाच नाही: ओलान्झापिनसारखी औषधं अंगाचं तापमान उतरवतात, आणि गार मेंदू ग्लुकोज कमीच जाळतो.

हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या जुन्या औषधाचा ठसा वेगळा. मेंदूच्या भागाभागातला ग्लुकोजचा वापर मोजणाऱ्या सोकोलॉफ यांच्या डीऑक्सिग्लुकोज पद्धतीत (1977) मेंदूच्या बऱ्याच भागांत वापर घटलेला दिसतो, पण लॅटरल हॅबेन्युला या मेंदूतल्या छोट्याशा भागात वाढतो. डोस मोठा असेल तर उंदीर पुतळ्यासारखा बसून राहतो. मग घटीतला किती भाग औषधाचा आणि किती निव्वळ न हलण्याचा, हे सांगता येत नाही. त्यात आकडे 'संपूर्ण मेंदूच्या सरासरीने' भागले, तर सगळीकडची घट झाकली जाते आणि हॅबेन्युलातली वाढ फुगते. सोय म्हणून हा भागाकार सर्रास होतो. मला तो पटत नाही.

दीर्घ प्रयोगात रोज एक इंजेक्शन पुरत नाही. माणसात हॅलोपेरिडॉलचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ) साधारण दिवसभराचं, उंदरात जेमतेम दीड तास. त्यासाठी त्वचेखाली ऑस्मॉटिक पंप, म्हणजे औषध सतत थोडं थोडं सोडणारी छोटी नळी. तो ताशी 2.5 मायक्रोलिटर, म्हणजे दिवसाला 60 मायक्रोलिटर सोडत असेल, तर 300 ग्रॅमच्या उंदराला दिवसाला किलोमागे 0.5 मिलिग्रॅम देण्यासाठी द्रावण मिलिलिटरला 2.5 मिलिग्रॅमचं लागतं. महिन्याभरात उंदीर वाढतो आणि किलोमागचा डोस आपोआप उतरतो, म्हणून हिशेब मधल्या वजनावर धरा. ओलान्झापिन मात्र पंपात भरून निर्धास्त राहू नका. द्रावणात, अंगाच्या उष्णतेत ते काही दिवसांतच बिघडतं, आणि चौथ्या आठवड्यात तुम्ही स्कॅन करता तो जवळजवळ बिनऔषधाचा उंदीर.