एकोणीस गाड्या आणि एक दुरुस्ती

डिसेंबरच्या मध्यात जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, कुणालाच जेवायला वेळेवर फुरसत मिळत नाही. एरंडोल-धरणगाव पट्ट्यातल्या अशाच एका जिनिंगचे सर्व्हर आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. काट्यावर प्रत्येक गाडी दोनदा चढते हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आधी भरलेली, मग माल उतरवून रिकामी. दोन्हीतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. पहिल्या वजनाला टोकन निघतं, दुसऱ्याला पावती. पावतीच्या तीन प्रती: पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी ऑफिसला, पिवळी गेटवर. त्यासाठीच तिथे अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे आणि तो काढू नका असं मी बजावून ठेवलंय.

मुख्य डेटाबेस जिनिंगच्याच ऑफिसात आणि त्याची प्रतिकृती जळगावच्या ऑफिसात. डेटाबेस पोस्टग्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. त्यात प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहिला जातो, त्याला आम्ही वॉल म्हणतो. हाच लॉग नेटवरून जळगावला वाहत जातो आणि तिथे पुन्हा जसाच्या तसा लागू होतो. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ही सोय आहे. हे दोन तऱ्हेने लावता येतं. एक तर जळगावहून पोच आल्याशिवाय पावती पक्की करायची नाही, किंवा पावती इथे पक्की करायची आणि जळगावला मागून पोचू द्यायची. पहिल्या तऱ्हेत काही हरवत नाही, पण लाइन तुटली की काटाही थांबतो. रात्रीच्या थंडीत रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग उभी करणारी व्यवस्था मला नको होती. म्हणून मी दुसरी तऱ्हा निवडली आणि लाइन तुटलेली असताना सर्व्हर गेला तर मधल्या नोंदी जळगावला नसतील, हे शेठना लेखी दिलं. त्याच कागदात दुसऱ्या कंपनीची लाइन किंवा निदान फोरजी राउटर घ्या असंही लिहिलं होतं. खर्चाच्या नावाखाली ते राहून गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी ७:०५ ला हायवेच्या कामावरच्या जेसीबीने फायबर तोडली. जळगावला नोंदी येणं थांबल्याचा मेसेज मला लगेच आला. मी मुनीमजींना फोन केला, "कुणाचाही मोबाईल सर्व्हरला जोडा, हॉटस्पॉट चालू करा, पाच मिनिटांचं काम आहे." न पोचलेला लॉग सर्व्हर जपून ठेवतो, तो सगळा मोबाईलच्या नेटवरून आरामात गेला असता. तासाभराच्या पावत्या म्हणजे काही एमबीचाच मामला. मुनीमजी म्हणाले, "गाड्या उभ्या आहेत हो, गर्दी ओसरली की बघू." काट्यावरची गर्दी मला कळते. पण जिनिंगमध्ये कुठलंही मशीन अडलं की फिटर धावत जातो, आणि सर्व्हरचं काम मात्र कायम नंतरचं असतं. याचा मला अजून राग आहे.

८:४० ला व्होल्टेजचा झटका आला आणि सर्व्हर बसला. पंख्यांच्या जाळीवर रुईचे तंतू चिकटून नमद्यासारखा थर जमतो. तो दर आठवड्याला काढायचा असतो, पण हंगामात काढतं कोण? पॉवर सप्लायबरोबर मदरबोर्डही गेला.

मी ऑटोमॅटिक फेलओव्हर, म्हणजे मुख्य सर्व्हर गप्प झाला की प्रतिकृतीने आपोआप मुख्य होणं, का लावला नव्हता, ते इथे सांगायला हवं, कारण नंतर हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. जळगावच्या मशीनला दिसतं इतकंच की समोरून उत्तर येत नाही. सर्व्हर मेला की नुसती लाइन तुटली, हा फरक त्याला कळत नाही. ऑटोमॅटिक असतं तर ७:०५ लाच जळगावची प्रत मुख्य होऊन बसली असती आणि इकडे जिनिंगचा सर्व्हर जिवंतच. दोन ठिकाणी दोन खरे डेटाबेस तयार झाले असते. तिसऱ्या जागी साक्षीला मशीन नसेल तर हा निर्णय माणसानेच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आधी काट्यावरच्या दादांना जुन्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढायला लावली. "वीज आली की बटण दाबून बघू का?" असं ते विचारतच होते. मी म्हटलं, हात लावू नका, वर चिकटपट्टी लावून 'चालू करू नये' असं लिहा. तो चुकून उठला असता आणि काटा त्यालाच जोडला गेला असता, तर अर्ध्या पावत्या तिकडे आणि अर्ध्या इकडे झाल्या असत्या. त्यांनी केबल काढल्याचा फोटो पाठवला, तेव्हाच मी जळगावची प्रत मुख्य केली. त्या प्रतीतली शेवटची नोंद अर्थातच ७:०५ ची.

नंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण कागदावरच्या योजनांत ते क्वचितच असतं. काटा सुरू करण्याआधी मी पावती क्रमांक एक हजाराने पुढे ढकलला. मधल्या दीड तासातल्या पावत्या शेतकऱ्यांच्या खिशात होत्या, त्यांचे नंबर जळगावच्या डेटाबेसला माहीत नव्हते. पोस्टग्रेस लॉगमध्ये चालू क्रमांकाच्या ३२ पर्यंत पुढचा क्रमांक आधीच लिहून ठेवतो, त्यामुळे थोडी उडी आपोआप बसते. पण त्या उडीच्या भरवशावर एकच नंबर दोन शेतकऱ्यांना जाण्याचा धोका मी पत्करणार नव्हतो. मधले नंबर कुठे गेले म्हणून ऑडिटवाले विचारतील, त्याला उत्तर देता येतं. एकाच नंबरच्या दोन पावत्यांना देता येत नाही. दादांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काटा ९:२५ ला पुन्हा चालू झाला. संध्याकाळी नंतर बघू म्हटलेलं काम ते हेच.

मधल्या वेळात एकोणीस गाड्यांच्या पावत्या निघाल्या होत्या. त्यातल्या आठ गाड्यांचं भरलेलं वजन ७:०५ च्या आधी झालं होतं, म्हणून जळगावच्या हिशेबी त्या अजून आवारातच उभ्या होत्या. प्रत्यक्षात ट्रॅक्टर घरी पोचले होते, कापूस ढिगात मिसळला होता. सकाळी त्यातले एक आप्पा पैशाला आले. संगणकावर त्यांची गाडी 'आत'. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, पावती मनाजोडे शे, मंग पैसा काबरं नही भेटत?" त्यांचं बरोबर होतं. मी आणि दादांनी गुलाबी प्रती काढल्या, पिवळ्यांशी ताडून पाहिल्या आणि एकोणीसही नोंदी हाताने भरल्या. प्रत्येकीवर 'कागदावरून' असा शेरा टाकला. दुपारपर्यंत सगळ्यांचे पैसे सुटले.

शेठ खूश होते. "दोन ठिकाणी डेटा ठेवला, बॅकअप कामाला आला," असं ते पाहुण्यांना सांगत होते. मी तिथेच म्हटलं, हा बॅकअप नाही. कुणी इथे चुकून सगळे दर पुसले तर जळगावचेही त्याच क्षणी पुसले जातील. सर्व्हर मेला तर प्रतिकृती वाचवते, माणसाच्या हातापासून वाचवत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत प्रतिकृती दुरुस्त करता करता एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवला. बॅकअप बघायला गेले तर ते नीट होतच नव्हते, आणि सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. आमच्याकडे त्यासाठी दर रविवारी पूर्ण प्रत आणि मधला सगळा लॉग वेगळ्या डिस्कवर जातो. ते दोन्ही हाताशी असलं की कुठल्याही मिनिटाला डेटाबेस कसा होता ते उभं करता येतं.

दोन दिवसांनी जुन्या सर्व्हरची डिस्क मी दुसऱ्या मशीनला लावली, नेटवर्क न जोडता. पोस्टग्रेसने आपला लॉग वाचून स्वतःला सावरलं आणि सगळ्या नोंदी दिसल्या. आमचं सॉफ्टवेअर नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पावती छापत नाही, म्हणून एकोणीसच्या एकोणीस तिथे होत्या. मी त्या कागदांशी एकेक करून जुळवल्या. अठरा जुळल्या.

एकोणिसावी आप्पांची. कागदावर १८.६० क्विंटल, डिस्कवर १८.१०. लॉग उलगडला तर ७:५२ ला १८.६० नोंदवलेलं, पावती छापलेली, आणि ८:१८ ला त्याच नोंदीत वजन बदललेलं. कारणाच्या रकान्यात 'ओल'. तोवर आप्पा गेटबाहेर गेले होते, पिवळी प्रत गेटवर जमा होती. पन्नास किलो, क्विंटलला सात हजारांच्या भावाने साडेतीन हजार रुपये. ओलीची कट्टी, म्हणजे वजनातली कपात, लावायची तर ती काट्यावर, शेतकऱ्यासमोर, मीटर दाखवून लावायची असते.

मुनीमजी म्हणाले, डिस्कवरचं खरं धरा, फरक त्यांच्या पुढच्या गाडीतून वळता करू. माझ्या कामाच्या व्याख्येप्रमाणे ते बरोबर ठरतं: जे नोंदलेलं होतं ते परत आणायचं. पण मी ती नोंद परत आणली नाही. दोन्ही वजनं वेळेसकट एका कागदावर छापून शेठच्या टेबलावर ठेवली. शेठ बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पावतीप्रमाणे दिलेत ना? मग झालं."

फायबर त्या दिवशी तुटली नसती तर ती दुरुस्ती क्षणात जळगावला पोचली असती, दोन्ही ठिकाणी १८.१० दिसलं असतं आणि आप्पांना तेवढ्याचेच पैसे मिळाले असते. पांढरी पावती दाखवून ते भांडले असते का, मला माहीत नाही. पावती छापल्यावर वजन बदलता येणार नाही, अशी अट मी आता डेटाबेसमध्येच घातली आहे. बदल हवा असेल तर नवी नोंद, नवी पावती आणि शेतकऱ्याचा अंगठा किंवा सही. मुनीमजी त्यावर नाराज आहेत.

हंगामाच्या सुरुवातीपासूनचा सगळा लॉग माझ्याकडे शाबूत आहे. छापल्यानंतर बदललेल्या आणखी किती नोंदी त्यात आहेत, ते काढायला एक रात्र पुरेल. शेठनी अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं आहे, आणि नेहमीच्या नियमाने तीन महिन्यांनी पुसायच्या त्या फायली पुसणं थांबवलं आहे.